भुलाबाईचा रंग : बाहुल्यांमधील वांशिक प्रतिनिधित्वाचा प्रश्न आणि खान्देश

प्रस्तावना

भाद्रपद पौर्णिमा जवळ आली की जळगावच्या बाजारात मातीच्या जोडमूर्ती दिसू लागतात. फेटा बांधलेला भुलोजी, त्याच्या शेजारी साडीचोळीतील भुलाबाई आणि पुष्कळदा दोघांच्या मध्ये बाळ गणपती. एकेकाळी बोरांसाठी व तलावासाठी ओळखले जाणारे आणि आता शहराचाच भाग होऊन गेलेले मेहरूणही याला अपवाद नाही. ही जोडी घरात पाटावर बसते आणि कोजागरीपर्यंत, म्हणजे जवळजवळ महिनाभर, मुली तिच्यासमोर टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात. गाणी संपली की झाकलेल्या डब्यातील खाऊ ओळखण्याचा खेळ रंगतो. खान्देशात काही घरी हिलाच गुलाबाई म्हणतात. पूजा आणि खेळ यांची सीमारेषा येथे इतकी पुसट आहे की भुलाबाईला देवता म्हणावे की बाहुली, हे ठरविणे अवघड जावे.

भुलाबाई कोण, याचे उत्तर लोककथेत आहे. सारीपाटाच्या डावात शंकर हरले आणि रुसून रानात निघून गेले. त्यांना परत आणण्यासाठी पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेतले आणि त्यांना भुलविले. भुलले म्हणून ते भुलोजी, भुलविले म्हणून ती भुलाबाई. तिचा संबंध भूमीच्या सुफलतेशीही जोडला जातो. परंतु घराघरांत सांगितली जाते ती कथा भिल्लिणीची. कथेच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा तर पाटावर बसलेली ही बाई भिल्ल आहे. बाजारातील मूर्तीकडे पाहून मात्र तसे काही जाणवत नाही. चेहरा बहुधा फिकट गुलाबी, ओठ लालचुटुक, नाक सरळ. दिवाळीतील लक्ष्मीच्या मूर्तीशेजारी ती ठेवली तर केवळ चेहऱ्यावरून दोघींत भेद करता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याकडील एका गावातून शिकावयास आलेल्या विद्यार्थिनीने लोकसाहित्याच्या तासाला विचारले होते, "मॅडम, भुलाबाई आमच्यातली, तर मग ती आमच्यासारखी का दिसत नाही?" त्या वेळी 'मूर्तिकारांची पद्धत आहे' एवढेच उत्तर प्रस्तुत लेखिकेला देता आले. ते उत्तर अपुरे होते, हे तेव्हाही जाणवले होते. बाहुलीचा रंग, नाक, केस कोण ठरवितो, त्याचा बालमनावर काय परिणाम होतो आणि हा प्रश्न परदेशातून उसना आणलेला आहे की आपला आहे, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

'वंश' या शब्दाविषयी थोडेसे

बाहुल्यांच्या संदर्भात 'वांशिक प्रतिनिधित्व' हा शब्दप्रयोग मुख्यतः अमेरिकेतील चर्चेतून आला. तो खान्देशाला लागू करण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. माणसांचे उच्च-नीच असे जैविक वंश असतात, ही कल्पना विज्ञानाने टाकून दिलेली आहे आणि ती टाकून देण्यात एका मराठी संशोधिकेचा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. डॉ. इरावती कर्वे यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली कवट्यांच्या असमानतेवर प्रबंध लिहिला. युरोपीय कवटीच्या रचनेत त्या लोकांच्या बौद्धिक श्रेष्ठतेचा पुरावा सापडेल, अशी मार्गदर्शकांची अपेक्षा होती. कर्वे यांच्या मोजमापांतून तसा कोणताही संबंध सिद्ध झाला नाही आणि त्यांनी तो नाही असेच लिहिले. हेच फिशर पुढे नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणाचे समर्थक ठरले, हे लक्षात घेता त्या तरुण संशोधिकेच्या प्रामाणिकपणाचे मोल कळते. याच कर्वे यांनी पुढे पश्चिम खान्देशातील भिल्लांचाही अभ्यास केला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही जातीचा उगम वंशभेदात शोधणारा सिद्धांत अमान्य केला होता. दुसरीकडे, २००१ साली डर्बन येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली तेव्हा जातीचा प्रश्न तेथे मांडावा की नाही, यावर आपल्या देशात तीव्र मतभेद झाले. शासनाचा त्यास विरोध होता, तर अनेक दलित संघटनांचा आग्रह होता. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. जात म्हणजे वंश नव्हे, आदिवासी हा जैविक अर्थाने निराळा वंश नव्हे, हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. रंग, नाकडोळे, केस आणि वेश यांवरून माणसाची पायरी ठरविण्याची सवय समाजात असते, आणि मूल ती सवय बोलावयास शिकण्याच्याच वयात उचलते. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हा त्यांनी दोन्हीकडील दास्याची जातकुळी एक आहे हेच ओळखले होते. त्या अर्थाने तिकडचा अनुभव आपल्याला उपयोगी आहे.

चार बाहुल्या आणि एक निकाल

या विषयाचा आरंभबिंदू मानला जातो तो क्लार्क दाम्पत्याचा प्रयोग. मेमी फिप्स क्लार्क यांनी हॉवर्ड विद्यापीठात पदव्युत्तर पदवीसाठी कृष्णवर्णीय बालकांच्या स्वप्रतिमेवर काम केले होते. पुढे त्यांनी आणि त्यांचे पती केनेथ क्लार्क यांनी ते विस्तारले आणि १९४७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. (प्रयोग पतीच्या नावाने ओळखला जातो, मूळ कल्पना पत्नीची होती.) तीन ते सात वर्षे वयाच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर चार बाहुल्या ठेवण्यात आल्या. चारही एकाच घडणीच्या. दोन तपकिरी व काळ्या केसांच्या, दोन गोऱ्या व पिवळ्या केसांच्या. मुलांना एकामागून एक साध्या सूचना दिल्या गेल्या : खेळायला आवडेल ती बाहुली दे, छान बाहुली दे, वाईट दिसते ती दे, छान रंगाची दे. सर्वांत शेवटी : तुझ्यासारखी दिसते ती दे.

सुमारे ६७ टक्के मुलांनी खेळण्यासाठी गोरी बाहुली उचलली. सुमारे ५९ टक्के मुलांनी गोरी बाहुली छान म्हणून दिली आणि तेवढ्याच मुलांनी तपकिरी बाहुली वाईट दिसते असे सांगितले. इतके झाल्यावर शेवटची सूचना आली. जी बाहुली आत्ताच वाईट ठरविली तिच्याकडे बोट दाखवून 'ही माझ्यासारखी' म्हणण्याची पाळी त्या मुलांवर आली. सुमारे एकतृतीयांश मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखविले. काही मुले रडू लागली, काही खोलीतून निघून गेली. संख्येपेक्षा या शेवटच्या क्षणानेच वाचकांच्या मनाची पकड घेतली, असे म्हणावे लागेल.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात गोऱ्या व काळ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. नऊही न्यायमूर्तींचे एकमत असलेल्या या निकालाच्या अकराव्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा उल्लेख आहे. 

तथापि या प्रयोगाकडे डोळसपणेच पाहिले पाहिजे. आपल्या महाविद्यालयीन लेखनात तो 'सिद्ध झाले आहे' या थाटात उद्धृत होतो, तितका तो सरळ नाही. मुलांना दोहोंपैकी एक निवडणे भाग होते. 'दोन्ही आवडतात' असे म्हणण्यास वाव नव्हता. त्या काळी तपकिरी बाहुल्या दुकानांत दुर्मीळ होत्या, त्यामुळे परिचयाची वस्तू आवडणे आणि आपला रंग नावडणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. गोरी बाहुली उचलणारे प्रत्येक मूल स्वतःला हीन लेखते, असेही त्यातून निघत नाही. आणखी एक गोष्ट अडचणीची होती. यांतील १३४ मुले दक्षिणेकडील आर्कान्सॉमधील वेगळ्या शाळांची आणि ११९ मुले उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्समधील मिश्र शाळांची होती. गोऱ्या बाहुलीकडील ओढा मिश्र शाळांतील मुलांत थोडा अधिकच दिसला. केवळ शाळा वेगळ्या असल्याने हे घडते, या युक्तिवादाला त्यामुळे बाधा येते. प्रस्तुत लेखिकेच्या मते मात्र यातूनच खरा बोध होतो. मुलाच्या मनातील रंगाची उतरंड एकट्या शाळेने घडविलेली नसते. ती घर, रस्ता, दुकान, चित्र आणि खेळणे यांनी मिळून घडविलेली असते.

साचा आणि रंगद्रव्य

मग तपकिरी बाहुल्या सहज का निघाल्या नाहीत? येथे कारखान्याचे गणित समजून घेतले पाहिजे. प्लास्टिकच्या बाहुलीचे डोके बहुधा मऊ व्हिनाइलचे असते. रंगद्रव्य मिसळलेले पातळ व्हिनाइल धातूच्या पोकळ साच्यात घालून तो साचा उष्णतेत फिरवितात. द्रव आतून सर्व बाजूंना चिकटून घट्ट होतो आणि गरम असतानाच डोके बाहेर ओढले जाते. नंतर शिवणयंत्रासारख्या यंत्राने केस टोचले जातात आणि डोळे-ओठ रंगविले जातात. या सर्वांत महाग काय? रंगद्रव्य स्वस्त असते. ते बदलले की त्याच दिवशी गुलाबीऐवजी तपकिरी बाहुली निघू शकते. महाग असतो तो साचा, कारण त्यामागे शिल्पकाराचे काम, नमुने आणि धातूची घडण असते. म्हणून उत्पादक रंग बदलतो, साचा बदलत नाही. गालाची ठेवण, नाक, ओठ तेच राहतात.

मॅटेल कंपनीने १९५९ साली बार्बी बाजारात आणली. १९६७ साली तिच्या फ्रॅन्सी या बाहुलीची कृष्णवर्णीय आवृत्ती निघाली, ती गोऱ्या फ्रॅन्सीच्याच डोक्याच्या साच्यातून. ती फारशी खपली नाही. १९६८ साली क्रिस्टी ही कृष्णवर्णीय मैत्रीण आली. पण 'बार्बी' हे नाव धारण करणारी कृष्णवर्णीय बाहुली यावयास १९८० साल उजाडले, म्हणजे २१ वर्षे लागली. तिची रचना किटी ब्लॅक पर्किन्स या कृष्णवर्णीय रचनाकार स्त्रीने केली होती. याउलट लॉस एंजलिसमधील वॉट्स भागात १९६५ साली झालेल्या उठावानंतर तेथील लोकांनी १९६८ साली शिंदाना नावाचा स्वतःचा खेळण्यांचा कारखाना काढला आणि 'बेबी नॅन्सी' ही बाहुली घडविली. तिचा चेहरा गोऱ्या साच्यावर तपकिरी रंग चढवून केलेला नव्हता; तो मुळापासून कृष्णवर्णीय बालकाचा होता. कारखाना कोणाच्या हाती आहे यावर साचा अवलंबून असतो, हे या दोन उदाहरणांच्या तुलनेतून दिसते. साच्यांची आणि छटांची विविधता हे मॅटेलचे सर्वसाधारण धोरण व्हावयास पुढे बराच काळ जावा लागला. २०१६ साली तिने तीन नवे बांधे आणि सात वर्णछटा असलेली मालिका आणली.

भारतात १९८० च्या दशकापासून बार्बी आली आणि पुढील दशकात तिला साडी नेसविण्यात आली. इंदरपाल ग्रेवाल यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'ट्रान्सनॅशनल अमेरिका' या ग्रंथात या साडीतील बार्बीची चिकित्सा केली आहे. साडी, टिकली, दागिने भारतीय. चेहरा मात्र तोच. रंगाचा प्रश्न वस्त्राने सोडविण्याची ही युक्ती होती. २०२४ च्या दिवाळीत रचनाकार अनिता डोंगरे यांच्या सहयोगाने निघालेली बार्बी त्या तुलनेत गव्हाळ आहे. पण ती संग्राहकांसाठीची महाग वस्तू आहे, आठवडी बाजारातील नव्हे.

चिंध्यांच्या बाहुलीला रंग होता का?

आपल्याकडील बाहुली ही प्लास्टिकपूर्व काळात काही एकाच प्रकारची नव्हती. सावंतवाडीच्या चिताऱ्यांची लाकडी खेळणी होती, लाकडाची ठकी होती. पण बहुसंख्य घरांत आजीने किंवा आईने केलेली चिंध्यांची बाहुली असे. जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळून डोके, काजळाचे डोळे, कुंकवाचे तोंड, जुन्या लुगड्याच्या काठाची साडी. तिचा चेहरा पांढरा असला तरी तो गोरेपणाचा पांढरा नव्हता, धोतराचा होता. तिच्याकडे पाहून कोणी तिला गोरी म्हटले नाही की काळी म्हटले नाही. बाहुला-बाहुलीच्या लग्नात मानपान, रुसवे-फुगवे, विहीण-व्याही सारे असे आणि त्यातून मुलगी संसाराचे व जातीच्या रीतिरिवाजांचे धडे गिरवी, हे खरे आहे. तो काळ समतेचा होता असे सुचवावयाचे नाही. परंतु कातडीचा विशिष्ट रंग बाहुलीला चिकटला तो साच्यातून निघालेल्या, पिवळ्या केसांच्या, निजविली की डोळे मिटणाऱ्या गुलाबी बाहुलीबरोबर.

ही गुलाबी बाहुली मोकळ्या जमिनीवर पडली नाही. 'गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळी' ही वर्णांची उतरंड मराठी बोलण्यात आधीपासूनच होती. 'रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' या वाक्यातील 'पण' किती पिढ्यांनी ऐकला असेल! सावळ्या विठ्ठलासाठी शेकडो मैल चालत जाणारा समाज सून शोधताना गोरीच मागतो, या विसंगतीकडे विनोदाने पाहून आपण पुढे जातो. १९७५ साली गोरेपणाचे मलम बाजारात आले आणि घरोघर पोहोचले. २०२० साली त्याच्या नावातील 'फेअर' हा शब्द काढून 'ग्लो' हा शब्द घालावा लागला. बाहुली ही या साखळीतील एक कडी आहे. एकट्या बाहुलीने मुलीचे मन घडते वा बिघडते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. पण मलम वा स्थळ मुलीच्या वाट्याला सोळाव्या-अठराव्या वर्षी येते. बाहुली तिसऱ्या वर्षी येते, आणि तीही मांडीवर.

टोनी मॉरिसन यांच्या १९७० सालच्या 'द ब्लुएस्ट आय' या कादंबरीत एक कृष्णवर्णीय मुलगी भेट मिळालेली निळ्या डोळ्यांची गोरी बाहुली मोडून पाहते. सगळ्यांना जी इतकी आवडते तिच्या आत असे काय आहे, याचा तिला शोध घ्यावयाचा असतो. आतून जे निघते ते अर्थातच यंत्र असते. वर्गात हा प्रसंग सांगितला की विद्यार्थिनी प्रथम हसतात. आणि मग आपल्या बाहुल्यांविषयी बोलू लागतात.

भिल्लीण, जी दिसत नाही

आता पुन्हा भुलाबाईकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के, धुळे जिल्ह्यात सुमारे ३२ टक्के आणि जळगाव जिल्ह्यात सुमारे १४ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल, पावरा, तडवी, कोकणा, मावची असे अनेक समाज त्यात येतात. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांचा उत्तर भाग सातपुड्याला टेकलेला आहे आणि तेथील आदिवासी मुले आश्रमशाळांतून शिकतात. म्हणजे भिल्लीण ही खान्देशाला पुराणातून भेटणारी व्यक्ती नाही. ती बाजारात येते, केळीच्या बागेत राबते, वर्गात शेजारच्या बाकावर बसते.

असे असता भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या किती मुलींना आपण भिल्लिणीसमोर टिपऱ्या खेळतो आहोत, हे ठाऊक असते? कथा सांगणारी आजी घरात असेल तर कथा कळते. नसेल तर गुलाबी मूर्ती उरते. महिनाभर तिला ओवाळणारे, खाऊ देणारे आणि तिच्या सासर-माहेराची गाणी गाणारे घर प्रत्यक्ष भिल्ल स्त्रीला ओसरीच्या आत घेते का, हा प्रश्न विचारावयास कटू आहे. पण मूर्तीच्या रंगाने तो प्रश्न मनात येण्याची शक्यताच मिटविली आहे. चेहरा भिल्लिणीचा असता तर निदान विसंगती डोळ्यांना खुपली असती.

कथेविषयीही एक शंका नोंदविणे प्राप्त आहे. पार्वतीला शंकराला भुलवावयाचे आहे म्हणून ती भिल्लीण होते. रानातील स्त्री म्हणजे मोहात पाडणारी, ही दृष्टी भिल्लांची स्वतःची वाटत नाही. ती बाहेरून पाहणाऱ्याची आहे. वसाहतकाळातही भिल्लांविषयी असेच बाहेरून लिहिले गेले : कधी लुटारू म्हणून, कधी शूर शिपाई म्हणून. १८२५ साली जेम्स आउट्रॅम यांनी धरणगाव येथे भिल्ल पलटण उभी केली, त्या काळातील इंग्रजी लेखनात ही दोन्ही चित्रे दिसतात. प्रतिनिधित्वाचा विचार करताना 'आहे की नाही' एवढ्यावर थांबून चालत नाही; 'कोणाच्या नजरेने आहे' हेही पाहावे लागते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील गॉलिवॉग. फ्लॉरेन्स अप्टन यांच्या १८९५ सालच्या बालपुस्तकातून आलेली ही काळीकुट्ट, बटबटीत डोळ्यांची, जाड लाल ओठांची बाहुली पिढ्यान्पिढ्या लाखो इंग्रज मुलांच्या बिछान्यात झोपली. गोऱ्या मुलांच्या खोलीत काळी बाहुली होती. परंतु ती काळ्या माणसाची थट्टा होती. मुरंब्याच्या बाटलीवरून तिचे चित्र हटावयास एकविसावे शतक उजाडले. उद्या कोणी उत्साहाच्या भरात भुलाबाईला काळा रंग देऊन हाती धनुष्यबाण दिला, तर ते गॉलिवॉगच्या जवळचेच होईल.

सुदैवाने सातपुड्यापलीकडे एक निराळे उदाहरण आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ येथे भिल्ल व भिलाला स्त्री-पुरुषांच्या कापडी बाहुल्या तयार होतात. त्यांचा वेश, दागिने, डोक्यावरील टोपली स्थानिक असते. या कामासाठी रमेश परमार आणि शांती परमार या दांपत्याला २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. या बाहुल्यांतही धनुष्यबाण असतोच आणि त्या मुख्यतः पर्यटकांच्या दिवाणखान्यात जातात, मुलांच्या हाती कमी, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. तरीही त्यांचा चेहरा दुसऱ्याच्या साच्यातून निघालेला नाही, हे महत्त्वाचे आहे.

एक आक्षेप आणि काही शक्यता

सहकारी अध्यापकांशी चर्चा करताना एक आक्षेप नेहमी येतो. मूल मक्याच्या कणसालाही बाहुली मानते; त्याची कल्पनाशक्ती रंगाच्या पलीकडची असते; मग आपण मोठ्यांनी आपले वाद त्याच्या खेळात कशाला आणावेत? आक्षेप वजनदार आहे आणि अर्धा खरा आहे. कणसाची बाहुली मुलाला पूर्ण मोकळीक देते, कारण तिला चेहराच नसतो. साच्यातील बाहुली मात्र तयार चेहरा घेऊन येते आणि त्या चेहऱ्याबरोबर मोठ्यांनी केलेली निवडही येते. वाद आपण आणत नाही. तो आधीच रंगवून आलेला असतो. अमेरिकन अभ्यासिका रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली बालपुस्तकांविषयी लिहिताना आरसा आणि खिडकी या प्रतिमा वापरल्या होत्या : मुलाला स्वतःला पाहण्यासाठी आरसा हवा आणि दुसऱ्याला पाहण्यासाठी खिडकी. आश्रमशाळेतील मुलीला भुलाबाई आरसा होऊ शकली असती, मेहरूणमधील मुलीला खिडकी. आज ती दोघींसाठी दुकानातील शोभेची वस्तू आहे.

शैक्षणिक धोरणाच्या पातळीवर अनुकूलता निर्माण झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खेळण्यांवर आधारित अध्यापनाला मान्यता मिळाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा 'जादुई पिटारा' हा पायाभूत स्तरासाठीचा संच आला. त्यात खेळणी व बाहुल्याही आहेत. आयात खेळण्यांवरील शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले, त्यामुळे देशी उत्पादकांना वाव मिळाला. पण देशी साचा म्हणजे आपोआप देशी चेहरा नव्हे. या शुल्काने गुलाबी रंग आपोआप गव्हाळ होत नाही.

महाराष्ट्रात यापेक्षा जुना आणि अधिक उपयोगी धडा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालवाड्या चालविल्या, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधने त्यांनी बाजूला ठेवली. शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातील वस्तूंतून त्यांनी शैक्षणिक साधने घडविली. खर्च वाचविणे एवढाच त्यामागचा हेतू नव्हता. मुलाला शाळेत आपल्या घरची वस्तू भेटावी, हाही होता. अंगणवाडीतील बाहुलीचा विचार याच वाटेने करता येईल. चोपडा-यावल भागातील अंगणवाडीत त्याच पाड्यातील आईने शिवलेली बाहुली असेल, तर तिचा रंग कोणता असावा यासाठी समिती नेमावी लागणार नाही.

मूर्तिकारांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. वाळलेल्या मातीच्या मूर्तीवर प्रथम पांढरा हात दिला जातो आणि मग त्वचेचा रंग. गुलाबी रंगाचा मोठा डबा एकदा कालवला की त्यातून गौरी, लक्ष्मी, भुलाबाई साऱ्या रंगतात. एकट्या भुलाबाईसाठी दुसरा डबा कालविण्याचे कारण त्याला कोणी दिलेले नाही. गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय तो ते करणार नाही आणि त्यासाठी त्याला दोषही देता येत नाही. महाविद्यालयांतून भुलाबाईच्या गीतांच्या स्पर्धा होतात, त्यासाठी मूर्ती विकत आणली जाते. त्या वेळी आठ-पंधरा दिवस आधी जाऊन गव्हाळ-सावळ्या रंगाची, चांदीचे दागिने व आपल्याकडील भिल्ल स्त्रिया नेसतात तशी साडी असलेली जोडी सांगून करून घेता येईल. हे सांगताना सल्ल्यासाठी वर्गातील भिल्ल व पावरा विद्यार्थिनी सोबत असाव्यात. दागिने कोणते, साडी कशी, चेहरा कसा, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते, आणि नको असलेले काय हेही त्याच सांगू शकतात.

काही घरी अजूनही भुलाबाई विकत आणत नाहीत. शेतातील किंवा नदीकाठची माती कालवून घरातील बाई ती हातानेच घडविते, हळदकुंकू लावते आणि कोजागरीच्या रात्री ज्वारीच्या पाच धांड्यांच्या खोपटाखाली बसविते. त्या मूर्तीला रंग दिलेला नसतो. ती वाळते तशी मातीच्याच रंगाची राहते.